गोव्याच्या हवेत क्रोमचा ऑलिंपिक बार: घ्यायचा तर तपासून घ्या

म्हापशात, मडगावात किंवा फोंड्याला खेळसाहित्याच्या दुकानात ‘ऑलिंपिक बार’ (दोन्ही टोकांना प्लेट चढवून उचलायचा लांब पोलादी बार) मागा, बहुतेक वेळा एकच माल पुढे येतो. लांबी २.२ मीटर, वजन ‘२० किलो’, चकचकीत क्रोम आणि दांड्याच्या टोकाला ‘७०० पौंड’ असा स्टिकर. किंमत साधारण आठ ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात. स्टिकरवरचं नाव बदललं तरी आतला बार फारसा बदलत नाही, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं न करता त्या मालाचंच केलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टसाठी घरी किंवा छोट्या व्यायामशाळेत हा बार चालतो, पण नीट तपासून घेतलेला. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे वजन डोक्यावर नेण्याच्या ऑलिंपिक लिफ्ट, मनापासून शिकायच्या असतील तर हा घेऊ नका. आणि दर वेळी पुसून ठेवण्याचा कंटाळा असेल, तर गोव्यात याचा दुसरा पावसाळा बघवणार नाही.

त्या ‘७०० पौंडा’कडे दुर्लक्ष करा. वजन संथपणे टांगलं होतं की बार आपटला होता, प्लेट कुठे होत्या, दांडा वाकून परत सरळ झाला की नाही, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. विचारायचा आकडा पोलादाच्या ताणशक्तीचा. चांगल्या बारची ती १,९०,००० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास असते. दुकानदाराला ती ठाऊक नसेल आणि खोक्यावरही छापलेली नसेल, तर आपण काय घेतोय ते समजून घ्या.

दुकानात जाताना तीन वस्तू न्या: व्हर्नियर कॅलिपर, मोजपट्टी आणि बॅगा तोलायचा डिजिटल काटा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पुरुषांच्या वेटलिफ्टिंग बारचा दांडा २८ मिलिमीटर जाड, स्लीव्ह (टोकाची, प्लेट चढवायची फिरती नळी) ५० मिलिमीटर व्यासाची आणि ४१५ मिलिमीटर लांब, आणि दोन कॉलरांमधलं (स्लीव्हच्या आतल्या टोकाच्या जाड कड्यांमधलं) अंतर १३१० मिलिमीटर. या मालात सर्वांत जास्त घोळ दांड्याच्या जाडीत असतो. ‘२८’ म्हणून दिलेला दांडा कॅलिपरमध्ये ३० भरतो. दोन मिलिमीटरांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ३० चा दांडा २८ पेक्षा सुमारे ३२ टक्के ताठ. वर बोटांची पकड सुटायला लागते ती वेगळीच, डेडलिफ्टच्या शेवटच्या रेपला (आवर्तनाला) हे लगेच कळतं. पोलाद हलकं असेल तर ते वाकू नये म्हणून दांडा जाड करणं हा सर्वांत सोपा उपाय, हेही लक्षात असू द्या. स्लीव्ह ५० पेक्षा अर्धा मिलिमीटरहून जास्त बारीक असेल तर प्लेट खडखडतात आणि प्रत्येक रेपला थोड्या बाहेर सरकतात.

मग वजन. बारच्या बरोबर मध्यावर पट्टा बांधून तो काट्याला टांगा. काट्यावर भरवसा नसेल तर आधी पाण्याच्या २० लिटरच्या जारवर तो पारखून घ्या: पाणी २० किलो, अधिक रिकाम्या जारचं वजन. स्पर्धेच्या २० किलोच्या बारला फक्त २० ग्रॅम जास्त किंवा १० ग्रॅम कमी एवढीच सूट असते. घरच्या बारकडून कोणी तेवढी अपेक्षा धरणार नाही, २०० ग्रॅम इकडेतिकडे चालवून घ्यावेत. पण किलो-दीड किलोने हलका बार परत करा. गणित साधं आहे. २८ मिलिमीटरचा २.२ मीटर भरीव पोलादी दांडा सुमारे साडेदहा किलो भरतो, बाकीचं वजन स्लीव्ह आणि कॉलरचं. वजन कमी भरलं तर बहुधा स्लीव्हच्या नळीची जाडी खाल्लेली असते, आणि आपटल्यावर चेपते तीच. शिवाय वजन उचलण्याची सगळी शिस्तच आकड्यावर उभी आहे: गेल्या आठवड्यात ६०, या आठवड्यात ६२.५. बारच खोटा असेल तर वही घरी बरोबर आणि दुसऱ्या जिममध्ये चूक.

सरळपणा पाहायला बार रॅकवर ठेवा, मधला दांडा हाताने सावकाश फिरवा आणि नजर टोकावर ठेवा. टोक वरखाली डुललं की दांडा वाकलेला आहे. दुकानदार म्हणेल, ‘इतकं चालतं हो.’ नव्या बारमध्ये चालत नाही.

आता टोकाकडे पाहा. स्लीव्हच्या तोंडाशी मधोमध ॲलन बोल्ट दिसला, तर दर वेळी बार खाली ठेवताना तो कणाकणाने ढिला होणार, आणि एक दिवस प्लेटांसकट स्लीव्ह निघून येणार. असा बार आधीच घेतलेला असेल तर बोल्ट काढा, आटे स्वच्छ करा, निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) लावून पुन्हा आवळा आणि महिन्याला एकदा किल्ली लावून बघा. तिथे सरक्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी असेल तर उत्तम. सरक्लिप पक्कड असली की घरच्या घरी स्लीव्ह उघडून आतलं साफ करता येतं.

स्लीव्ह फिरवून दाखवणं हा विक्रीचा आवडता खेळ. रिकामी स्लीव्ह मिनिटभर गरगरली म्हणून बार चांगला ठरत नाही. दोन्ही बाजूंना २०-२० किलो चढवा, बार मांडीशी धरून उभे राहा आणि मनगटं झटकन फिरवा. दांडा फिरावा, प्लेट जागच्या जागी राहाव्यात. त्या बरोबर ओढल्या गेल्या तर आत पितळेचा बुश (स्लीव्ह सहज फिरू देणारी कडी) नाही किंवा कोरडा पडलाय. क्लीनमध्ये कोपर खालून पुढे येतं त्या क्षणी प्लेटांचा फिरण्याला होणारा विरोध मनगटाला आणि कोपराला सोसावा लागतो, स्क्वॉटला त्याने काहीच बिघडत नाही. म्हणून या मालाला ऑलिंपिक लिफ्टसाठी मी नाही म्हणतो. दांड्याची लवचीकता हे दुसरं कारण. जर्कमध्ये गुडघे वाकवून थांबताना बार लवतो आणि उसळतो, ती उसळी पकडायला शिकावं लागतं. ३० मिलिमीटरच्या दांड्यावर ती शिकताच येत नाही.

मुलींसाठी अडचण आणखी मोठी. महिलांचा बार १५ किलोचा, २.०१ मीटर लांब आणि फक्त २५ मिलिमीटर जाड असतो. टोकियोत मीराबाई चानूने ११५ किलोचा क्लीन अँड जर्क करून रुपेरी पदक मिळवलं ते अशाच बारवर. अंगठा बोटांखाली दाबून धरायची हुक पकड लहान हाताला २५ वर बसते, ३० वर नाही. आपल्याकडच्या कितीतरी जिममध्ये हा बारच नसतो, आणि मग ‘मुलींची पकड कमजोर’ असं खुशाल म्हटलं जातं.

आता मुलामा. गोव्यात बार घेताना खरा प्रश्न हाच, आणि दुकानात कोणी त्यावर बोलत नाही.

हवेतल्या मिठाचे कण पोलादावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणजे पावसाचा थेंब आत न येताही बारवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. ‘आमचं घर डिचोलीला, समुद्र लांब’ म्हणून सुटका नाही, कारण घामातही तेच मीठ असतं. एसीच्या जिमला तर दुहेरी मार. रात्रभर थंड झालेल्या लोखंडावर सकाळी दार उघडताच बाहेरची दमट हवा येते आणि दव धरतं.

क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याचा थर पातळ असतो आणि त्यात बारीक छिद्रं, भेगा राहतात. छिद्रातून ओल आत गेली की क्रोम शाबूत राहतं आणि खालचं पोलाद दुप्पट जोमाने खाल्लं जातं. जस्ताचं उलटं आहे: ते आधी स्वतः खर्ची पडतं आणि पोलादाला वाचवतं. म्हणून जस्ताचा बार लवकर कळकट, पांढुरका होतो आणि तरी आतून धड असतो. क्रोमचा बार वरून झकपक दिसतो, आणि मग एके दिवशी नर्लिंगवर, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या खरखरीत भागावर, बारीक फोड येतात. फोडावरचा पापुद्रा सुटला की त्याची कड पात्यासारखी धारदार असते, तळहात सहज कापतो.

गंज शोधायचा तर पहिल्यांदा कॉलरच्या आतल्या बाजूला, दांडा स्लीव्हमध्ये शिरतो त्या फटीत बघा. तिथे कपडा पोचत नाही, घाम ओघळून थांबतो आणि पकडीसाठी हाताला लावलेली मॅग्नेशियमची पांढरी पूड साचते. तपकिरी पीठ आणि पांढरी पूड मिळून विटकरी लेप झालेला दिसला, तर गंज बुशपर्यंत जायला लागलाय असं समजा. दुसरी जागा दांड्याच्या मध्यावरचं नर्लिंग, स्क्वॉटला मानेखाली टेकणारं. घाम तिथे सर्वांत जास्त, आणि ब्रश सर्वांत कमी.

काळ्या ऑक्साइडचा बार हाताला छान लागतो, पण तो थर पोलादाला नावापुरता वाचवतो, खरं काम वरचं तेल करतं. किनाऱ्यालगत तो घेऊ नका. सेराकोट म्हणजे सिरॅमिक मिसळलेला रंग, गंजाविरुद्ध फार चांगला, मात्र रॅकच्या खोबणीवर घासून उडतो. परवडत असेल तर स्टेनलेस घ्या. मुलामाच नसल्याने नर्लिंगचे दात कोरीव राहतात आणि फोड यायचा प्रश्न उरत नाही. खाऱ्या हवेत त्यावरही चहाचे डाग पडावेत तसे डाग येतात, पण ते पुसले जातात. किंमत क्रोमच्या दुपटीहून जास्त. वास्को, कळंगुट किंवा मिरामारला रोज वापरायचा बार असेल तर ती वसूल होते असं माझं मत आहे.

क्रोमच घेतला तर पुढचं एवढं कराच. प्रत्येक वापरानंतर नायलॉनच्या ब्रशने नर्लिंगमधली पूड झाडा आणि कोरड्या सुती कपड्याने पुसा, दोन मिनिटांचं काम. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी शिलाई मशीनच्या तेलाचे पाच-सहा थेंब कपड्यावर घेऊन दांड्यावर फिरवा, दहा मिनिटांनी कोरड्या कपड्याने टिपून घ्या. चिकट राहिलं तर धूळ धरतं. महिन्याला एकदा बार भिंतीला टेकवून उभा करा, वर आलेल्या स्लीव्हच्या फटीत दोन थेंब सोडा, फिरवा, मग उलटा करून तेच. त्यानंतर बार आडवा ठेवा. कोपऱ्यात उभा ठेवलेला बार खालच्या टोकाला फरशीची ओल धरतो.

खोबरेल लावू नका. एसी खोलीत २४ अंशांखाली ते गोठतं, आणि जुनं झालं की खवट होऊन आम्लधर्मी बनतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, पण ते उडून जातं, वंगण म्हणून टिकत नाही. त्यानंतर तेल लावावंच लागतं. गंज धरलाच तर तेल लावून पितळी ब्रशने घासा. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी तांब्याची भांडी निघतात म्हणून जस्ताच्या बारवर ते चालवू नका, आम्ल जस्तच विरघळवून टाकतं. मग राहिलेला बार पावसाळ्यात आठवडाभरात लाल होईल.

बार वाकतात ते बहुधा एकाच कारणाने: रॅकच्या आडव्या पिनांवर जोरात आपटल्यामुळे. सगळा मार दोन बिंदूंवर येतो. पिनांवरून उचलायच्या अर्धवट डेडलिफ्टसाठी जुना, वाकलेला बार वेगळा ठेवा. ओतीव लोखंडी प्लेट लावून बार वरून सोडू नका, त्यासाठी रबरी बंपर प्लेट आणि खाली १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर, वर २० मिलिमीटर रबर. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरच्यांशी आधी बोलून घ्या. जुन्या घरात वरचा मजला लाकडी तक्तपोशीचा असेल तर तळमजलाच बरा.

बारबरोबर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या प्लेटांची एक जोडी मागा. ४० किलोच्या ओव्हरहेड प्रेसवर २.५ किलो वाढवणं म्हणजे सहा टक्के उडी, तिथेच बहुतेकांची प्रगती अडते. एका किलोने वाढवलं तर महिनाभर पुढे सरकता येतं. इथल्या दुकानांत या प्लेट ठेवलेल्या क्वचित दिसतात, मागवून घ्याव्या लागतील.

शेवटी बिल. त्यावर बारचं मोजलेलं वजन आणि दांड्याची मोजलेली जाडी दुकानदाराकडून लिहून घ्या. हमी असली तर बहुधा वाकण्याची असते, गंजाची नसते, ते आधीच विचारा. आणि २.२ मीटरचा बार छोट्या गाडीत नीट मावत नाही, पुढची सीट पाडूनही टोक काचेला टेकतं. पिकअपने आणायचा तर दोन्ही टोकांना गोणपाट गुंडाळा, नाहीतर घरी पोचायच्या आधीच क्रोमवर पहिला ओरखडा पडलेला असेल.