जुन्या कॅराव्हॅनच्या खिडक्या: काच, ॲक्रिलिक की अख्खी नवी चौकट?

इंग्लंडमध्ये एखाद्या शेताच्या कडेला, गवतात टायर रुतलेली जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सापडते. मालक म्हणतो, "घेऊन जा एकदाची." आपण आधी छप्पर बघतो, मग चेसिस, मग आतली शेगडी. खिडक्या नीट बघायच्या राहूनच जातात. माझंही तेच झालं. लेस्टरला घरी आणून धुतल्यावर हिशेब लागला: एकूण सहा खिडक्या, त्यातली पुढची फुटलेली आणि चिकटपट्टीवर तगलेली, मागची धुरकटलेली, बाजूच्या चारांपैकी दोन गळक्या. उरलेल्या दोन गळत नव्हत्या, कारण आधीच्या कुणीतरी त्या सिलिकॉनने कायमच्या बंद करून टाकल्या होत्या.

अशी गाडी तुमच्या दारात असेल आणि "सगळ्याच खिडक्या बदलून टाकू" असा विचार चालू असेल, तर जरा थांबा. सहा खिडक्यांना एकच उत्तर असेलच असं नाही. माझ्या गाडीत तीन उत्तरं निघाली.

मी बोलतोय ते सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश कॅराव्हॅनबद्दल. कॅराव्हॅन बनवणाऱ्या सॅम आल्पर यांच्या स्प्राइट गाड्या न्यूमार्केटच्या कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडत होत्या, तो काळ. माझी गाडी त्या घराण्यातली नाही, पण घडण तीच: बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये हलक्या लाकडाचा सांगाडा आणि थोडं इन्सुलेशन, आतून प्लाय. सगळी भिंत मिळून जेमतेम इंचभर. खिडकी बसते ती या सांगाड्यावर, स्क्रूंनी. पाणी अडवतो तो फक्त पत्रा आणि चौकट यांच्यामधला मॅस्टिकचा, म्हणजे फट बुजवायच्या मऊ लगद्याचा, थर. पन्नास वर्षांत तो वाळून बिस्किटासारखा होतो.

म्हणून निवडीआधीचं पहिलं काम. एक खिडकी, शक्यतो सगळ्यात गळकी, चौकटीसकट उतरवा आणि खालच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. माझ्या एका खिडकीखाली टोक मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर आलं ते लाकूड नव्हतंच, चहात जास्त वेळ बुडालेली खारी होती. तिथे कितीही महागडी खिडकी आणून लावली तरी स्क्रू धरणार कुठे? आधी कुजका भाग कापून नवी पट्टी जोडा, मग काय लावायचं ते बोला. आणि भोकाचं माप या दुरुस्तीनंतर घ्या, आधी नाही.

जुनी काच ठेवून नुसतं रबर बदलणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पर्याय हाच. सरळ सपाट काच असेल, फुटलेली नसेल आणि ॲल्युमिनियमची चौकट वाकलेली नसेल, तर मी तिला हात लावणार नाही. पन्नास वर्षांची काच आजही आरशासारखी स्वच्छ असते, प्लास्टिक तसं राहत नाही. फक्त काचेचा कोपरा पुसून 'बीएस ८५७' असा शिक्का शोधा. ब्रिटनमधल्या वाहनांच्या सुरक्षित काचेचं ते मानक. शिक्का नसेल तर ती घराच्या तावदानाची साधी काच असू शकते. फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. तशी असेल तर बदलाच.

बदलताना एक लक्षात ठेवा: टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच नंतर कापता येत नाही. आधी मापात कापायची, कडा घासायच्या, भोकं पाडायची आणि मग भट्टीत घालायची, असा तिचा क्रम. त्यामुळे दोन मिलिमीटर मोठी आली तर ती परतच जाते. मापापेक्षा पुठ्ठ्याचा साचा कापून दिलेला बरा, विशेषतः गोल कोपऱ्यांसाठी.

रबर बसवण्याची युक्ती मला इथल्या कुणी शिकवली नाही. बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आले होते. एसटीच्या डेपोत त्यांची तीस वर्षं गेली. मी न उघडणाऱ्या खिडकीचं नवं रबर दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन पत्र्यावर चढवत होतो आणि रबराला चिरा पाडत होतो. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग म्हणाले, "अरे, ते ठेव खाली. दोरी आण. आणि भांड्याचा साबण." रबर आधी काचेभोवती चढवलं. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून भरली आणि खालच्या मध्यावर दोन्ही टोकं एकमेकांवरून काढून मोकळी सोडली. सगळीकडे साबणाचं पाणी. मी बाहेरून काच तळहातांनी दाबून धरली, ते आतून दोरीचं एक टोक हळूहळू ओढत गेले. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उलटत गेला. पाच मिनिटांत खिडकी बसली. "बसची पुढची काच अशीच बसवतात," एवढंच म्हणून ते चहाला गेले.

काचेचे तोटे दोन. पहिला थंडीचा. एकेरी काच असलेल्या गाडीत ऑक्टोबरच्या सकाळी खिडकीच्या तळाशी पाण्याची ओळ साचलेली असते, ती पुसायचा कंटाळा केलात की बुरशी. दुसरा वजनाचा, त्याचा हिशेब पुढे देतो.

मापाने बनवलेलं एकेरी ॲक्रिलिक

पुढची मोठी खिडकी फुटली असेल तर बहुधा इथेच, म्हणजे ॲक्रिलिक या काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिककडे, यावं लागतं. पुढच्या जुन्या खिडक्या बहुधा सपाट नसतात, खालच्या अंगाला किंचित आत वळलेल्या असतात. ब्रिटनमध्ये अशा खिडक्यांची नक्कल करून देणारे कारागीर आहेत. जुनी खिडकी त्यांना नमुना म्हणून पाठवायची. ते साचा करतात, ॲक्रिलिकची शीट तापवून त्यावर ओढतात आणि कापून देतात. म्हणून फुटलेली खिडकी कधीही फेकू नका. तुकडे चिकटपट्टीने जोडून जपून ठेवा, तोच तुमचा साचा.

आता वजनाचा हिशेब. माझी पुढची खिडकी साधारण १५०० × ५५० मिमी. ४ मिमी जाडीची काच घेतली असती तर सव्वाआठ किलो झाली असती. त्याच जाडीचं ॲक्रिलिक चार किलोच्या आत. खिडकी वरच्या बिजागरीवर लटकणार, दोन लहान स्टेंवर, म्हणजे आधाराच्या दांड्यांवर, उघडी राहणार आणि रस्त्यावर ताशी ९० किमीने हादरे खाणार. अशा वेळी हा चार किलोंचा फरक नुसता कागदावरचा राहत नाही.

पण ॲक्रिलिकच्या सवयी काचेच्या नाहीत. एक, ते उन्हात फुगतं. दीड मीटरची शीट तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे ३ मिमी लांबते, काच अर्धा मिमीसुद्धा नाही. म्हणून स्टे आणि खिट्ट्यांची भोकं स्क्रूपेक्षा सैल ठेवायची, खाली रबरी वॉशर घालायचा आणि स्क्रू आवळताना हात आवरायचा. मी एक आवळला. दोन आठवड्यांत भोकातून केसाएवढी चीर निघाली. दुसरं, रसायनं. थिनर, पेट्रोल, अल्कोहोल, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही लागलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे उमटतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड, बास. पॉलियुरेथेनची गोंदंही ॲक्रिलिकला सोसत नाहीत.

ब्रेकरकडची जुनी, पण दुहेरी खिडकी

मोडीत काढलेल्या कॅराव्हॅनचे भाग विकणारे ब्रेकर इथे बरेच आहेत. तिथे नंतरच्या गाड्यांच्या दुहेरी ॲक्रिलिकच्या खिडक्या मिळतात. आत हवेचा थर असल्यामुळे खिडकीवरचं पाणी बरंच कमी होतं आणि किंमत नव्याच्या काही अंशच. मोहात पडण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, वळण. पुठ्ठ्यावर तुमच्या भिंतीची बाजूने दिसणारी रेषा कापून न्या आणि खिडकीला लावून बघा. लांबी-रुंदी जुळून वळण चुकलं तर खालच्या कोपऱ्यात बोटभर फट राहते आणि ती कुठल्याही रबराने भरत नाही. दुसरी, वरची बिजागरी. बऱ्याच गाड्यांत खिडकीच्या माथ्यावर ॲल्युमिनियमची आकड्यासारखी पट्टी असते आणि ती भिंतीवरच्या पट्टीत बाजूने सरकवायची असते. दोन्ही पट्ट्या एकाच जोडीतल्या हव्यात. शक्य असेल तर भिंतीवरची पट्टीही त्याच गाडीची उतरवून आणा. तिसरी, उजेडात धरून तडे बघा. दोन थरांच्या मध्ये धुकं असेल तर घाबरू नका. आतल्या थरावर प्लास्टिकची लहान बुचं असतात. ती काढून खिडकी आठवडाभर उबदार, कोरड्या खोलीत ठेवली की ओल निघून जाते, मग बुचं परत लावायची. तडे मात्र कायमचे.

चौकटीसकट नवी खिडकी

जर्मनीतल्या क्राउटहाइमच्या साइट्झ कंपनीच्या, आता डोमेटिकच्या नावाने मिळणाऱ्या एस-४ सारख्या खिडक्या बघितल्या की बाकीचं सगळं विसरायला होतं. दुहेरी ॲक्रिलिक, आतल्या चौकटीत पडदा आणि मच्छरजाळी, अर्धवट उघडी ठेवायची सोय. बाहेरची आणि आतली चौकट भिंतीला मध्ये धरून आतून स्क्रूने आवळतात, म्हणजे पत्र्यावर स्क्रूचं एकही भोक नाही. कल्पना फार चांगली.

अडचण अशी की त्या ठरावीक मापांत येतात, जसं ९०० × ५०० किंवा ५०० × ४५०. तुमचं भोक त्या मापाचं असण्याची शक्यता कमीच. भोक लहान असेल तर पत्रा आणि सांगाडा कापून मोठं करता येतं. मोठं असेल तर पत्रा जोडायचा, आणि तो जोड बाहेरून जन्मभर दिसतो. शिवाय त्यांना सपाट भिंत लागते, म्हणजे वळणदार पुढच्या-मागच्या भिंती बाद. आणि त्या धरल्या आहेत साधारण २५ मिमी किंवा त्याहून जाड भिंतीसाठी. भिंत पातळ असेल तर आतून भोकाभोवती लाकडी पट्टी जोडून जाडी भरावी लागते.

माझं मत स्पष्टच सांगतो. गाडी आतून पूर्ण सोलली असेल, सांगाडा तसाही नव्याने बांधताय आणि तुम्हाला थंडीतही तिच्यात राहायचं आहे, तर या घ्या, आणि सांगाडा त्यांच्या मापाने बांधा. एरवी दोन-तीन उन्हाळी सहलींसाठी हा खर्च आणि ही कापाकापी मला पटत नाही. इंचभर पातळ भिंतीतून थंडी येतच राहते आणि ओल काचेवरून उठून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर जाऊन बसते. जुन्या गाडीचा चेहराही बदलतो, ते वेगळंच.

पॉलिकार्बोनेटची शीट

हेही पारदर्शक प्लास्टिकच. सहसा फुटत नाही, घरी जिगसॉने कापता येते, थोडी वाकवताही येते. पण ओरखडे लगेच पडतात आणि अतिनील किरणांपासून वाचवणारा लेप नसलेली शीट पिवळी पडते. वाहनाच्या खिडकीवर असतो तो ई-मार्क, म्हणजे मान्यतेचा शिक्का, दुकानातल्या साध्या शीटवर नसतो. रस्त्यावर न्यायच्या गाडीला मी ती लावणार नाही. हिवाळाभर भोक झाकायला ठीक.

कुठलीही खिडकी घ्या, बसवताना पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये न वाळणारं ब्युटिल मॅस्टिक घाला, सिलिकॉन नको. सिलिकॉन निघता निघत नाही, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे काहीच चिकटत नाही. त्या दोन बंद केलेल्या खिडक्या मोकळ्या करताना माझे पूर्ण दोन शनिवार प्लास्टिकच्या पट्टीने खरवडण्यात गेले. ब्युटिल भरपूर घालायचं, स्क्रू थोडे थोडे आवळायचे, काही दिवसांनी कडेने बाहेर आलेलं कापून टाकायचं. मग पाण्याची नळी लावून बघा, पण खालून सुरुवात करून वर जा. वरून सुरू केलंत तर गळती नक्की कुठली ते कळत नाही. आणि गळणारी खिडकी चिकटवून बंद करण्याचा सोपा मार्ग धरू नका. आत गॅसची शेगडी आहे आणि दार एकच. आग लागली तर खिडकीतूनच बाहेर पडायचं असतं.

माझ्या गाडीत बाजूच्या चारही खिडक्यांना जुनीच काच, नवं रबर. गळक्या खिडकीखालचं लाकूडही नवं. पुढे मापाचं ॲक्रिलिक, चिरलेल्या भोकासकट. मागच्या खिडकीसाठी वळणाचा पुठ्ठा दोन ब्रेकरांकडे देऊन ठेवला आहे, तोवर तिथे पॉलिकार्बोनेट आहे. बाबा फोनवर दर रविवारी विचारतात, "मागची काच आली का रे?" काच नाही, ॲक्रिलिक आहे, हे मी सांगायचं सोडून दिलं आहे.