गोड बेक, तिखटमिठाचा बेक की एकाच ट्रेमध्ये दोन्ही?

सकाळी पंधरा-वीस माणसं नाश्त्याला बसणार असतील, तर शेगडीसमोर उभं राहून एकेकाला गरमगरम वाढणं म्हणजे वाढणाऱ्याचा उपास ठरलेला. त्यापेक्षा आदल्या रात्री ट्रे भरून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचा. ब्रेड, अंडी, दूध आणि त्यात आवडेल ते, एवढाच हा ब्रेकफास्ट कॅसरोल. (अन्न गरम ठेवायच्या डब्यालाही हेच नाव आहे. इथे कॅसरोल म्हणजे ज्या ट्रेमध्ये भाजायचं त्याच ट्रेमधून वाढायचा पदार्थ.)

गोड करायचा की तिखटमिठाचा, हे बहुतेक जण जिभेला विचारून ठरवतात. दोन प्रश्न आधी विचारावेत: मंडळी एकदम बसणार आहेत की येतील तशी खाणार आहेत? आणि आत जे घालायचं आहे त्याला पाणी किती सुटतं? या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होतो.

दोन्हींत सारखं काय

३३ × २३ सेंमीचा, ५ सेंमी खोल ट्रे धरून चालू. लांबीला चार, रुंदीला तीन असे १२ तुकडे पडतात. सोबत फळं वगैरे असतील तर १२ जणांना पुरतो. हा एकच पदार्थ असेल तर ८ जणांत संपतो. वीस माणसांना दोन ट्रे. दुप्पट मिश्रण एकाच खोल भांड्यात ओतायचा मोह टाळा. उष्णता कडेकडून आत सरकते, त्यामुळे मधला भाग आळेपर्यंत कडा रबरासारख्या होतात.

ब्रेड शिळा हवा, नाहीतर वाळवलेला. अडीच सेंमीचे तुकडे करून १५०° सेल्सियसवर १२ ते १५ मिनिटं ठेवले की पुरे. रंग यायला नको, बोटाने दाबल्यावर पृष्ठभाग कोरडा लागला पाहिजे. ताज्या ब्रेडमध्ये मुळातच ओलावा असतो, म्हणून अंड्या-दुधाचं मिश्रण तो नीट शोषत नाही आणि बाहेरून मात्र विरघळतो. खाली चिकट लगदा आणि वर पिवळं ऑम्लेट असे दोन थर दिसले, तर दोष बहुधा ब्रेडचा असतो. अंड्यांचा नव्हे.

गोड बेक

एका ट्रेला: ब्रिओशसारखा मऊ, लोणी-अंड्याचा ब्रेड ४५० ग्रॅम, अंडी ८, दूध ५०० मिली, क्रीम १२० मिली, साखर १०० ग्रॅम, व्हॅनिला १ मोठा चमचा, दालचिनी पूड २ छोटे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा. मीठ गाळू नका, त्याच्याशिवाय हा पदार्थ नुसताच गोडमिट्ट लागतो. दालचिनी दुधात टाकली की तरंगते आणि पहिल्या ओतण्यातच एका कोपऱ्यात जाते. ती आधी साखरेत मिसळा, मग अंड्यांत.

गोड बेक नवख्याला सांभाळून घेतो. साखरेमुळे अंडी थोड्या जास्त तापमानाला आळतात आणि मऊ आळतात, म्हणून पाच मिनिटं जास्त झाली तरी लगेच चिवटपणा येत नाही. पण तीच साखर वरचा थर लवकर करपवते. म्हणून १७५° सेल्सियसवर पहिली ३० मिनिटं फॉइल झाकून, मग २० ते २५ मिनिटं उघडा. मधल्या भागाचं तापमान ७७° च्या आसपास आलं की काढायचा.

खरा घोळ फळांचा. बेरी रात्रीच घातल्या तर सकाळपर्यंत रंग सुटून ब्रेड राखाडी-निळा दिसतो. त्या सकाळी वरून पेरा. कच्च्या सफरचंदाच्या फोडी मिश्रणाखाली कडकच राहतात, त्या लोण्यात ५ मिनिटं परतून घ्या. केळं रात्रभर काळं पडतं. आणि कच्चा अननस, किवी किंवा पपई यातलं काही रात्रभर मिश्रणात ठेवूच नका. त्यांतली एन्झाइम्स दूध-अंड्यातली प्रथिनं तोडतात. मिश्रण नीट आळत नाही आणि कडू लागतं. डब्यातला अननस चालतो, कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो.

वरच्या कुरकुरीत थरासाठी मैदा ६५ ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम आणि थंड लोणी ११५ ग्रॅम बोटांनी चोळून रवाळ करायचं. हे वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं, फॉइल काढताना पेरायचं. रात्रीच पेरलं तर ते ओलावा पिऊन बसतं आणि सकाळी वरती पिठाची पेज तयार. ट्रेच्या तळाला लोणी-साखरेचा कॅरमेल घालून उलटवायचा प्रकारही आहे, दिसतो छान, पण ओव्हनमधून काढल्यावर पाचेक मिनिटांतच उलटवावा लागतो. कॅरमेल घट्ट झाला की तुकडे तळाला चिकटून फाटतात. घरात पाहुण्यांची गडबड असताना ही कसरत कोणी करायला सांगितली आहे?

तिखटमिठाचा बेक

एका ट्रेला: जाड सालीचा, घट्ट पोताचा ब्रेड ३७५ ग्रॅम, अंडी १०, दूध ७०० मिली, चीज २२५ ग्रॅम, शिजवून कोरडं केलेलं सारण ४५० ग्रॅम, मोहरीची पेस्ट १ मोठा चमचा, मिरपूड. ब्रेड गोडापेक्षा कमी आहे, कारण ट्रेमधली जागा सारण खातं.

मिठाचं गणित इथे चुकतं. चीज खारट, हॅम किंवा बेकन खारट, सॉसेजही खारट. असं मांस असेल तर दहा अंड्यांना अर्धा छोटा चमचा मीठ, नुसत्या भाज्या असतील तर एक. कच्चं मिश्रण चाखून बघण्यापेक्षा सारण आणि चीज एकत्र तोंडात घालून बघा, अंदाज तिथेच येतो.

दुसरी चूक पाण्याची, आणि तिखटमिठाचे बेक सर्वांत जास्त बिघडतात ते हिच्यामुळे. मशरूम ३०० ग्रॅम घेतले तर ते पाणी सोडतील, मग ते पाणी आटेल, मग पॅन कोरडा होऊन चरचर आवाज येईल, तिथपर्यंत परतायचे. पाणी सुटलं तेव्हाच गॅस बंद केला तर उरलेलं सगळं पाणी ट्रेमध्ये येणार. पालक वाफवून थंड करून मुठीत पिळायचा, आणि पिळून झाला असं वाटल्यावर फडक्यात घालून पुन्हा एकदा पिळायचा. टोमॅटोच्या बिया काढून फोडी वरच्या थरावर ठेवा, आत नको. कांदा कच्चा घातला तर उग्र राहतो, परतूनच. मांस पूर्ण शिजवून, तेल निथळून घाला. अर्धंकच्चं मांस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं धोक्याचं आहे, आणि न निथळलेलं तेल वर तवंग धरतं.

चीज शक्यतो घरी किसा. तयार किसलेल्याला चिकटू नये म्हणून पूड लावलेली असते, ते तितकं गुळगुळीत वितळत नाही. दोन-तृतीयांश थरांमध्ये आणि उरलेलं शेवटच्या १५ मिनिटांत वर. सगळं सुरुवातीलाच वर घातलं तर त्याचं कडक पापुद्र्याचं झाकण होतं. वरून शिजल्यासारखं दिसतं, आत दूध तसंच.

१८०° वर ३५ मिनिटं झाकून, २० मिनिटं उघडं. मध्यभागी ७१° म्हणजे खायला सुरक्षित, चिकन किंवा टर्की असेल तर ७४°. आळण्याच्या दृष्टीने ७४° ला काढलेला बेक उत्तम लागतो. ८५° च्या पुढे गेला की अंडी आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात.

थर्मामीटर नसेल तर मध्यभागी सुरी खुपसून पातं किंचित तिरकं करा आणि फटीत डोकावा. दुधाळ द्रव वर आला तर कच्चा आहे, अजून ८-१० मिनिटं द्या. स्वच्छ, पिवळसर पाणी आलं तर एकतर भाजीने दगा दिला आहे किंवा बेक जास्त झाला आहे. अशा वेळी जास्त भाजत राहणं ही सगळ्यात नेहमीची आणि उलटा परिणाम करणारी धडपड. बाहेर काढा, १५ मिनिटं राहू द्या, ब्रेड बरंचसं पाणी परत ओढून घेतो.

एकाच ट्रेमध्ये दोन्ही

ट्रेच्या मध्ये फॉइलची भिंत घालून अर्धा गोड, अर्धा खारा ही युक्ती विसरा. मिश्रण भिंतीखालून सरकतं, शिवाय दोन्हींना वेळ वेगळा लागतो. त्याऐवजी २० सेंमीचे दोन चौकोनी ट्रे घ्या. दोन्ही मिळून क्षेत्रफळ मोठ्या ट्रेइतकंच भरतं, प्रत्येकात निम्मं साहित्य बसतं, आणि लहान असल्याने ४० मिनिटांच्या आसपास होतात.

खरोखर एकत्र चव हवी असेल, तर मिश्रण खारं ठेवा आणि गोडवा वरून द्या. ब्रेड ४०० ग्रॅम, अंडी ९, दूध ६५० मिली, सॉसेज ४०० ग्रॅम, लोण्यात परतलेली दोन सफरचंदं, चेडार चीज १५० ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा. मिश्रणात मेपल सिरप फक्त २ मोठे चमचे, आणखी ४ चमचे शेवटच्या १० मिनिटांत वरून. आधी ओतलं तर करपतं. मिश्रणच गोड करून त्यात सॉसेज घातलं तर दोन घासांनंतर नकोसं होतं, निदान मोठ्या माणसांना. सिरपची बाटली टेबलावर असली की ज्याला हवं तो घेईल.

वेळ, ओव्हन आणि वाढणं

दोन्ही प्रकार कच्चे भरून फ्रिजमध्ये रात्रभर मुरू शकतात, २४ तासांपेक्षा जास्त नको. ट्रेमध्ये ब्रेड घालून मिश्रण ओतल्यावर तळहाताने हलकेच दाबा, वर आलेले तुकडे एकदा तरी बुडाले पाहिजेत. सकाळी काचेचा ट्रे फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकू शकतो. ओव्हन तापेपर्यंत २० ते ३० मिनिटं बाहेर राहू द्या, तरीही काच बऱ्यापैकी गार असेल, म्हणून फ्रिजमधून ओव्हनमध्ये न्यायचा असेल तर धातूचाच ट्रे बरा. थंड ट्रेला सांगितलेल्या वेळेपेक्षा १० ते १५ मिनिटं जास्त धरा.

दोन ट्रे एकाच वेळी असतील तर वेळ थोडा आणखी वाढतो, आणि अर्ध्या वेळेला जागा बदलावी लागते. साखरेचा थर असलेला ट्रे शेवटी वरच्या कप्प्यात ठेवू नका. पंख्याचा ओव्हन असेल तर तापमान १५-२० अंशांनी कमी.

एवढं झाल्यावर निर्णय. सगळे एका वेळी बसणार, आणि पुढचं जेवण उशिरा आहे, तर तिखटमिठाचा. पोटभरीचा आहे. पण गार झाला की चीज ताठरतं आणि चव पडते. गरम ठेवायचा तर सैल फॉइल झाकून ९०-९५° च्या ओव्हनमध्ये, पाऊण तासापर्यंत. त्यापुढे पाणी सुटू लागतं. अन्न ६०° च्या वर राहिलं पाहिजे. टेबलावर नुसता ठेवलात तर दोन तासांनंतर खाऊ नये, हवा ३२° च्या वर असेल तर एका तासानंतर.

मंडळी येतील तशी खाणार असतील तर गोड. कोमट झाला तरी खाववतो, दोन तासांची मर्यादा मात्र त्यालाही आहे. फक्त झाकू नका, वाफेने वरचा थर मऊ पडतो. पहिल्यांदाच करत असाल तरी गोडच घ्या, कारण त्यात पाण्याचा दगा कमी.

गहू न खाणारे असतील तर ब्रेडऐवजी किसलेल्या गोठवलेल्या बटाट्याचा थर लावता येतो, ९०० ग्रॅम, पूर्ण वितळवून आणि पिळून. हा पर्याय तिखटमिठालाच जमतो. कच्चा बटाटा किसून रात्रभर ठेवू नका, काळा पडतो.

उरलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. मायक्रोवेव्हमध्ये अंडं चिवट होतं, म्हणून तुकडा आडवा कापून पॅनमध्ये थोड्या लोण्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, आतपर्यंत वाफाळेल असा. गोडाची कड अशी भाजली की पहिल्या दिवसापेक्षा जास्त कुरकुरीत होते. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर तिखटमिठाचा ठेवा. फळं घातलेला गोड बेक वितळताना पाणी सोडतो.