रोबिनियाचं बन: कोवळं की जुनं?

चीनच्या लोएस पठारावर (वाऱ्याने आणून साचवलेल्या बारीक मातीचा प्रदेश) मातीची धूप थांबवण्यासाठी रोबिनिया या शेंगवर्गीय झाडाची भरपूर लागवड झाली. 1999 पासून उतारावरची शेती सोडून तिथे झाडं लावायला लावणाऱ्या सरकारी योजनेमुळे तर जास्तच.

पण मातीतल्या सूक्ष्मजीवांसाठी यातलं कोवळं बन बरं की जुनं? कोवळ्या बनात पाचोळा नावापुरता. सेंद्रिय कर्ब कमी, म्हणून सूक्ष्मजीवही बेताचेच. पण मुळांवरच्या गाठींत रायझोबिया जिवाणू हवेतलं नत्र बांधायला लागलेले असतात. मला खरी किमया इथेच दिसते, कारण पुढचं सगळं त्या नत्रावर उभं राहतं.

तीस-चाळीस वर्षांच्या बनात दरवर्षीच्या पानगळीने कर्ब साठतो, पाचोळा कुजवणाऱ्या बुरशा आणि जिवाणू बस्तान बसवतात. मात्र नत्र वाढतं तसं स्फुरद (फॉस्फरस) वाढत नाही, आणि सूक्ष्मजीवांना त्याचीच चणचण भासते. शिवाय जुनी झाडं खोलवरची ओल ओढून घेतात. मातीच्या जिवंतपणासाठी मी जुनंच बन निवडेन, फक्त कोरड्या उतारावर ते विरळ हवं.