गावात दिव्यांग किती? आधी प्रश्न ठरवा, मग घरोघर फिरा

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, म्हणून यादी लागते. ती करायला निघाला असाल तर हे दोन आकडे बघा. 2011 च्या जनगणनेत देशात दिव्यांग 2.21 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा जगासाठीचा अंदाज 16 टक्के. आपण जगाच्या सातपट धडधाकट आहोत, असं काही नाही. हा फरक बराचसा मोजण्याच्या पद्धतीतून आलाय.

सगळ्यात सोपा मार्ग दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवा, नाव लिहा. पैसे वाटायचे तर हेच लागतं, कारण ऑडिटला कागद हवा. पण बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असते आणि खरी गोची तिथेच होते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल, तर 30 टक्केच मिळतात. ऐकण्याचं बघा: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता 60 डेसिबल किंवा त्याहून जास्त घटली असेल तरच माणूस कर्णबधिरांत धरला जातो. 55 डेसिबलची घट असलेल्या आजोबांना टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडे जाईपर्यंत वाढवावा लागला, तरी ते बाहेरच. शिवाय जो दाखल्यासाठी सिव्हिलला कधी गेलाच नाही, तो यादीत येणार कुठून?

दुसरी पद्धत जनगणनेच्या धर्तीची: घरात कुणी शारीरिक किंवा मानसिक अपंग आहे का? एका प्रश्नात काम उरकतं. मला विचाराल तर ही पद्धत वापरूच नका. उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो. लग्नाची मुलगी असेल तर ‘नाही’, म्हातारी आई असेल तर ‘वय झालंय, दुसरं काय’.

तिसरी, वॉशिंग्टन ग्रुपची. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली 2001 मध्ये हा गट स्थापन झाला. त्यांच्या छोट्या संचात सहा प्रश्न आहेत: दिसणं, ऐकणं, चालणं-पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं, स्वतःची अंघोळ-कपडे, आणि बोलणं समजणं-समजावणं. अपंगत्वाचं नावही काढायचं नाही. ‘चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का?’ एवढंच विचारायचं आणि चारांपैकी एक उत्तर घ्यायचं: नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा त्यापुढचं उत्तर आलं की माणूस मोजला. ‘थोडा’वालेही धरले तर आकडा फुगतो, म्हणून रेषा कुठे मारली ते अहवालात लिहाच.

यातही भोकं आहेत. मानसिक आजार बरेचसे निसटतात. सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्ण बरा असताना सहाही प्रश्नांना ‘नाही’ म्हणेल, पण 2016 च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत तो आहे. गडचिरोली-नंदुरबारकडे काम असेल तर हे विसरून चालणार नाही. लहान मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे, तोच घ्या.

म्हणून माझा कौल असा: सहा प्रश्न घ्या, त्यांना सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांबद्दल आणि मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल एकेक थेट प्रश्न जोडा, आणि शेवटी ‘दाखला आहे का, किती टक्के?’ हा रकाना ठेवा. निधी दाखल्याच्या यादीवर वाटा. ‘खूप त्रास’ असून दाखला नसलेल्यांची यादी वेगळी काढा आणि पुढच्या तपासणी शिबिराला आशाताईंबरोबर आधी त्यांनाच पाठवा.