गुडघे चालू देत नाहीत, साखर वाढते: मांड्यांच्या ईएमएस मशीनचा अनुभव

दोन्ही गुडघ्यांची झीज आणि जोडीला मधुमेह असला की 'जेवल्यावर चालत जा' हा सल्ला पाळणं फार कठीण होतं. आमच्या फिजिओबाईंनी सुचवलं म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला ईएमएस मशीन घेतलं, म्हणजे मांडीवर पॅड चिकटवून विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू हलवणारं यंत्र. आता थंडी पडलीय, आणि मी ते रोज दुपारच्या जेवणानंतर लावते.

घेताना नीट बघा, दुकानात टेन्स मशीनही हेच म्हणून हातात देतात. ते दुखणं दबवण्यासाठी, त्याने नुसत्या मुंग्या येतात. ईएमएसने मांडी खरोखर आवळली जाते आणि सुटते. साखर खर्च होते ती या आवळण्यात. इन्सुलिनमुळे रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा जवळपास ८० टक्के वाटा स्नायूंचा. आणि स्नायू आकुंचन पावला की तो इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत घेतो. शिवाय सावकाश चालताना स्नायूंतले जे जलद तंतू (जोराच्या कामाला लागणारे) फारसे वापरले जात नाहीत, तेही विजेने कामाला लागतात, आणि त्यांचं इंधन मुख्यतः साखरच. जपानमध्ये हमादा, मोरितानी या संशोधकांनी २००४ साली निरोगी पुरुषांच्या पायांवर २० हर्ट्झने (सेकंदाला २० झटके) प्रयोग केला, तेव्हा मशीन बंद केल्यावरही बराच वेळ साखरेची उचल वाढलेली राहिली.

माझी जेवणानंतरची साखर २१०च्या आसपास असायची, ती बहुतेक वेळा १८०-१८५ येते. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.९ वरून ७.५. गोळ्या त्याच आहेत, पण भातही कमी केलाय, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देणार नाही. वजन मात्र तसूभर हललं नाही. पोट उतरवायला कुणी विकत असेल तर घेऊ नका. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनेही वजन घटवण्यासाठी असं एकही मशीन मंजूर केलेलं नाही.

पायांना बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका. झटका जास्त झालेला कळत नाही आणि कातडी भाजते. पेसमेकर, गरोदरपण, फिट येणं, यातलं काही असेल तर नकोच. छातीवर, गळ्यावर कधीही नाही. सुरुवातीला जोर अगदी कमी ठेवा. अती केलं तर स्नायू तुटून मूत्रपिंडांवर ताण येतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर खूप खाली नेऊ शकणारी गोळी) चालू असेल तर आधी-नंतर ग्लुकोमीटरने तपासा.

खरा खर्च पॅडचा आहे. घाम, तेल लागलं की चिकटपणा जातो आणि कडा उचलल्या की टोचतं. मांडी साबणाने धुऊन कोरडी करून लावल्यापासून ते बरेच जास्त टिकतात.