तपासणी केंद्र हाय स्ट्रीटवर की गावाबाहेर? काउन्सिलच्या फॉर्मवर टिक करण्याआधी वाचा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. हाय स्ट्रीटवरचं, म्हणजे गावातल्या मुख्य बाजारपेठेतलं मोठं दुकान बंद पडलेलं असतं, काचांना आतून कागद चिकटवलेले, आणि काउन्सिल (इथली नगरपालिका) विचारतं की इथे एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं तपासणी केंद्र आणू की रिंगरोडला भरपूर पार्किंगवाली नवी बिल्डिंग बांधू. आमच्याकडे हा फॉर्म आला तेव्हा मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे, पण नीट वाचायला बसले तर पंधरा दिवस गेले.

तशी ही कल्पना आपल्याला नवीन नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे मिरज दवाखान्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जायला लागलं, लॅब, मेडिकल, लॉज, खानावळी, सगळं पेशंटवर चालतं. पण तिथे एका पेशंटमागे दोन-तीन नातेवाईक येतात, मुक्काम करतात, जेवतात, फळं घेतात. इथे पेशंट बहुतेक एकटा येतो आणि तपासणी झाली की निघतो, त्यामुळे मिरजेचं गणित जसंच्या तसं इथे लागू होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

हे सगळं आत्ताच का निघालं, तर जागा रिकाम्या झाल्या म्हणून. देशभर दुकानं असलेल्या मोठ्या कंपन्या एकामागून एक गेल्या: वूलवर्थ्सची ८०० च्या वर दुकानं २००९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, २०१६ ला बीएचएस, मे २०२१ ला डेबनम्सचं शेवटचं दुकान. त्यात १ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकान, ऑफिस आणि दवाखाना एकाच वापर-वर्गात आले, म्हणजे दुकानाचा दवाखाना करायला वापर बदलण्याची वेगळी परवानगी लागत नाही. त्याच वर्षी एनएचएससाठी सर माइक रिचर्ड्स यांनी केलेल्या तपासण्यांवरच्या रिपोर्टनेही सांगितलं की तपासण्या मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेर न्या.

आता दोन गावं बघा, कारण 'हाय स्ट्रीटवर दवाखाना' म्हणजे एकच प्रकार नाही.

पहिलं डॉर्सेटमधलं पूल (Poole) नावाचं गाव. तिथल्या डॉल्फिन शॉपिंग सेंटरमध्ये बील्सचं डिपार्टमेंट स्टोअर होतं, मूळ दुकान १८८१ चं. त्याच्या वरच्या मजल्यावर एनएचएसने २०२१ च्या शेवटी केंद्र सुरू केलं, हाडांचे, त्वचेचे, डोळ्यांचे पेशंट तिथे बघायला लागले. तयार जागा, बस स्टँड अगदी शेजारी, कोविडनंतर वेटिंग लिस्ट साचलेली असताना काम पटकन उभं राहिलं आणि ते मला फार आवडलं. पण २०२५ मध्ये खालचं दुकानच बंद झालं. वरती पेशंट येत होते तरी खालचं दुकान तगलं नाही. तेव्हा दवाखाना आला की बाजार आपोआप उठेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर पूलचं उदाहरण विचारा.

दुसरं बार्न्सली, साऊथ यॉर्कशर, कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर बरीच वर्षं सोसलेलं गाव. तिथे काउन्सिलने स्वतः पैसा घालून ग्लास वर्क्स बांधलं, ते काउन्सिलच्याच मालकीचं आहे, आत मार्केट, सिनेमा, दुकानं, जवळच लायब्ररी, आणि बस-ट्रेनचं स्टेशन चालत जाण्याइतकं. त्यात २०२२ मध्ये तपासणी केंद्र आलं, रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, ब्रेस्ट स्क्रीनिंग (स्तनाच्या कॅन्सरची तपासणी). मला हे जास्त पटतं, कारण दवाखाना तिथे एकटा नाहीये, आणि भाडं, वेळा, साफसफाई याबद्दल एकाच मालकाला धरता येतं. पण यात लोकांचा पैसा मोठा अडकतो आणि सगळं उभं राहायला वर्षं जातात.

रिंगरोडच्या बाजूनेही खरं बोलायला हवं. एमआरआयचं मशीन कित्येक टन वजनाचं असतं, जमीन तेवढी भक्कम लागते, आणि अडचण आली तर मशीन थंड ठेवणारा हेलियम बाहेर सोडायला वेगळा पाइप लागतो, जुन्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर हे बसवणं खर्चिक पडतं. भूल देऊन करायच्या प्रोसिजर, ॲम्ब्युलन्सने येणारे पेशंट, यांच्यासाठी हॉस्पिटलच बरं, त्यात वादच नाही.

मग माझा कल बाजारपेठेकडे का, तर शेजारच्या आजींमुळे. वय ७८, डोळ्यांची तपासणी गावाबाहेरच्या एका हॉस्पिटलात. डोळ्यांत थेंब घातले की तासन् तास धूसर दिसतं, गाडी चालवायची नसते, म्हणजे ते भलंमोठं पार्किंग त्यांच्या काय कामाचं? जाताना मी सोडलं, येताना मला काम होतं. दुसऱ्या बससाठी त्या पाऊण तास उघड्यावर थांबल्या, नंबर दिसत नव्हता म्हणून येणाऱ्या प्रत्येक बसला हात करत. पुढची अपॉइंटमेंट त्यांनी घेतलीच नाही. तीन वर्षांनी एकदा येणारं ब्रेस्ट स्क्रीनिंगचं बोलावणं असंच राहून जातं, कामावरून सुट्टी कोण काढणार, पण मार्केटमध्ये केंद्र असेल तर भाजी घ्यायला जाताना होऊन जातं.

त्यामुळे तुमच्याकडे प्लॅन आला की आधी वेळा बघा, संध्याकाळी आणि शनिवारी उघडं नसेल तर दुकानांना काहीच फायदा नाही. पेशंटची लिफ्ट दुकानाच्या शटरच्या बाहेर आहे का तेही बघा, म्हणजे दुकान बंद तर लिफ्ट बंद असं होणार नाही. आणि लीज किती वर्षांची, कारण दोन-तीन वर्षांच्या लीजवर शेजारी कोणी चष्म्याचं दुकान किंवा कॅफे टाकायची हिंमत करणार नाही.

मी बाजारपेठेवर टिक केली आणि खालच्या चौकटीत लिहिलं की डोळे, रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी आणि स्क्रीनिंग इथे आणा, एमआरआय हॉस्पिटलातच राहू द्या, लीज किमान दहा वर्षांची करा, आणि दारासमोरच्या बस स्टॉपला छप्पर आणि बाक द्या. आजींचा फॉर्मही त्यांच्या शेजारी बसून भरला. त्यांनी बाकाखाली दोनदा रेघ मारायला लावली.