रंगीत पत्रा: खानदेशच्या उन्हात कोणता टिकतो?

गोठा असो, केळीचं पॅकिंग शेड असो की घराचं छप्पर, साध्या पॉलिस्टर रंगाचा गडद निळा किंवा लाल पत्रा जळगाव-भुसावळकडे घेऊ नये. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या मुलखात तो फार लवकर विटतो.

दुकानात सगळेच पत्रे चकाकतात. उन्हातली अतिनील किरणं रंग धरून ठेवणारी राळ हळूहळू तोडतात आणि सुटं झालेलं रंगद्रव्य वर येतं. जुन्या पत्र्यावर बोट घासलं की खडूसारखी पूड लागते, ती हीच. दक्षिण-पश्चिम उतार आधी फिका पडतो. आढ्यावरच्या टोपीखालची झाकलेली पट्टी मात्र नव्यासारखीच राहते. सिलिकॉन-मॉडिफाइड पॉलिस्टर, म्हणजे सिलिकॉन मिसळलेला पॉलिस्टर रंग, यात बराच तग धरतो. पीव्हीडीएफ (फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा रंग) सगळ्यात सरस, पण महाग. रंग क्रीम किंवा ऑफ-व्हाइट घ्या: विटलेला कमी दिसतो, तापतोही कमी.

रंगाखालचा थर विचाराच. ‘एझेड १५०’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्त. ७० ग्रॅमचाही माल मिळतो, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात! गोठ्याला तर १५० च हवा, कारण खालच्या बाजूचा रंग जेमतेम ५ ते ७ मायक्रॉन असतो आणि गोमूत्रातला अमोनिया तिथूनच खातो. हवा खेळती ठेवा.

बऱ्याच तक्रारींचं मूळ मात्र बसवण्यात असतं. ग्राइंडरने कापलं की ठिणग्या रंगात रुततात, ड्रिलचा कीस पन्हळीत पडून राहतो आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. लोक म्हणतात पत्राच गंजला. कापायला कातरी किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा, कीस त्याच दिवशी झाडून काढा. २० फुटी पत्रा तापून-निवून ३-४ मिलिमीटर सरकतो. त्या ओढाताणीत स्क्रूचं भोक मोठं होतं आणि हलक्या रबराचा वायसर तडकतो. ईपीडीएमचा (ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा) वायसर घ्या, पिळून बाहेर येईपर्यंत आवळू नका. भिंतीला लागून ओला सिमेंट-माल तर अजिबात भरू नका, त्यातला क्षार जस्त-ॲल्युमिनियम खातो.

नुसती पूड सुटली म्हणून पत्रा बदलायची गरज नसते. सौम्य साबणाने ब्रश मारून धुवा, वाळवा, प्राइमर देऊन रंगवा. पुडीवरच रंग मारला तर पोपडे निघतात. कापलेल्या कडेपासून फोड आत सरकत असतील, तर गंज खरवडून तिथे आधी झिंक प्राइमर लावा.